अकरावा चिंचोका

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? बरं. आता असं समजा की तुम्ही एका लांबट खोलीत उभे आहात. ही खोली पूर्वी जनावरांचा दवाखाना होती, म्हणून भिंतीवर अजून एका गाईचं चित्र आहे, पोटातले सगळे भाग दाखवणारं. दारापाशी स्टुलावर एक पितळी ताटली आहे आणि ताटलीत मोजून अकरा चिंचोके. तुम्ही त्यातला एक उचलता. कोपऱ्यात जुन्या निळ्या साडीचा पडदा लावलाय. तुम्ही त्याच्यामागे जाता. तिथं ओळीनं तीन गाडगी आहेत. चुना लावलेलं पांढरं गाडगं म्हणजे ‘आज बरं’. गेरू लावलेलं तांबडं म्हणजे ‘आज वाईट’. आणि काहीच न लावलेलं म्हणजे ‘आज मधलंच’. चिंचोका कुठं टाकायचा ते तुम्ही ठरवता. टप्. बाहेर सगळे, लहान आणि मोठे, तुमच्याकडे पाठ करून उभे आहेत. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही.

हं, आता उघडा डोळे. कुठं टाकलात ते मला सांगू नका. तोच तर नियम होता.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. आमच्या पिंपरवस्तीजवळ मोठा कालवा आहे. तालुक्याच्या क्रीडास्पर्धांहून मुलांना घेऊन येणारी एक वडाप, म्हणजे भाड्याची खासगी जीप त्या कालव्यात गेली. जीपमध्ये चौदा मुलं होती. अकरा वर आली. त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला याहून जास्त सांगणार नाही, कारण त्या मुलांनाही आम्ही ते कधी विचारलं नाही.

त्याच सुमाराला सरकारनं एक नवी योजना काढली होती. मुलांवर असा घाला पडतो तिथं चार दिवस फळं वाटून परत फिरायचं नाही, तर त्याच गावात एक पथक नेमायचं, आणि त्या पथकाला दर वर्षी अनुदान द्यायचं. पथकात तिघं. नर्स म्हणून मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या सुवार्ता सिस्टर. समुपदेशक म्हणून निहाल तांबोळी, जिल्ह्याच्या गावाहून मोटारसायकलवर येणारा तरुण. आणि शिक्षक म्हणून मी, मालन शिंगटे. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं होतं, घरी बसून कंटाळले होते, बोलावणं येताच पिशवी उचलून आले.

चिंचोक्यांची कल्पना सिस्टरांची. तांबोळी सर पहिल्या आठवड्यात हसऱ्या-रडक्या तोंडांचे छापील कागद घेऊन आले होते. मुलांनी परीक्षा समजून सगळ्या हसऱ्या तोंडांवर बरोबरची खूण केली आणि ‘सर, किती मार्क?’ म्हणून विचारलं. सिस्टर त्या दिवशी अंगणातल्या चिंचेखाली बसून चिंचोके वेचत राहिल्या. दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून दोन गाडगी घेऊन आल्या. तिसरं पुढच्या महिन्यात संकेतमुळे आलं. हा संकेत म्हणजे आमच्यातला वकील.

“सिस्टर, अर्धा चिंचोका हिकडं आन् अर्धा तिकडं टाकला तर चालंल का?”

“चिंचोका फुटतो का रे अर्धा?”

“तेच तर. मग मधलं एक आणा की गाडगं.”

सिस्टरांनी आणलं.

नियम दोनच होते. एक, पडद्यामागे कुणी गेलं की बाकीच्यांनी पाठ करायची, मोठ्यांनीसुद्धा, आणि कुठं टाकला ते विचारायचं नाही. दोन, गाडग्यांतलं महिनाअखेरीपर्यंत कुणी हलवायचं नाही. महिन्याच्या शेवटी सिस्टर मोजायच्या, वहीत लिहायच्या आणि गाडगी रिकामी करायच्या. बाकी दिवसभर मुलं माझ्याकडे असायची. आम्ही मातीच्या भाकऱ्या थापायचो, पतंगाचे कागद कापायचो, वाचायचो, भांडायचो. तांबोळी सर अधूनमधून एकेका मुलाशेजारी बसून त्याच्याबरोबर सुतळी वळायचे. मूल बोललं तर ऐकायचे, नाही बोललं तर सुतळी व्हायची.

गावात आम्हाला ‘चिंचोका कंपनी’ म्हणायचे. हे नाव सरपंच सर्जेराव आप्पांनी पाडलेलं. दवाखान्याच्या खोलीवर त्यांचा डोळा होता. दूध संस्थेचं संकलन केंद्र तिथं हलवायचं त्यांच्या मनात होतं.

“काय शिंगटे बाई,” जाता-येता विचारायचे, “कंपनी नफ्यात हाय का तोट्यात?”

“आप्पा, या की आत. तुम्हालाही एक चिंचोका देते.”

“नगं बाई. आमचं सगळं पांढऱ्याच गाडग्यात असतंय.”

अकरा मुलांत एक पायल होती. पायल वायदंडे, नऊ वर्षांची. तिचे वडील बाळू बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वर न आलेल्या तिघांत तिचा मोठा भाऊ होता. त्या दिवसापासून पायल एक शब्द बोलली नव्हती. कुठल्याही गाडीत बसत नव्हती, म्हणून बाळू तिला रोज तीन किलोमीटर चालत आणायचे. कालव्याचा पूल आला की तिला खांद्यावर घ्यायचे आणि ती बापाच्या मानेत तोंड खुपसायची. पण यायची. आठ महिन्यांत तिनं एक दिवस चुकवला नाही. दारात चपला नीट जोडून ठेवायची, बाकी दहा जणांचं होईपर्यंत थांबायची आणि ताटलीत उरलेला शेवटचा चिंचोका उचलायची. अकरावा नेहमी तिचा.

आठव्या महिन्यात पत्र आलं. तांबोळी सरांनी ते उभ्याउभ्याच वाचून दाखवलं.

“पथकाची तपासणी होईल. किमान साठ टक्के सुधारणा मोजमापातून दिसली पाहिजे, न दिसल्यास पुढील अनुदान बंद. तपासणीला हिरेमठ मॅडम येणार आहेत.” त्यांनी कागदाची घडी घातली. “बाई, शेजारच्या दोन तालुक्यांतली पथकं याच मॅडमनी बंद केलीत.”

“बंद झालं तर?” मी विचारलं.

“तर महिनाअखेरीला खोली ग्रामपंचायतीला परत.”

म्हणजे दूध संस्थेला. मला डोळ्यांपुढे पायल दिसली. तीन किलोमीटर चालत आलेली, चपला जोडून ठेवायला वाकलेली, आणि दारात दुधाच्या कॅनांची रांग.

सिस्टर मात्र शांत होत्या. “गाडगी दाखवू. आहे ते आहे.”

“अहो सिस्टर,” मी म्हणाले, “तपासणी आहे ही! तपासणीला आहे ते आहे असं कुठं चालतं?”

आता हे तुम्हाला समजायला हवं म्हणून थोडं थांबून सांगते. आमच्या काळी शाळेत साहेब तपासणीला येणार म्हटलं की आम्ही शिक्षक काय करायचो? हुशार मुलांना पहिल्या रांगेत बसवायचो. प्रश्न आधीच ठरलेले, उत्तरं आधीच पाठ. आणि कच्च्या मुलांना? साहेब वर्गात आले की त्यांना ‘जा रे, पाणी घेऊन या’ म्हणून पाठवून द्यायचो. सगळे असंच करायचे. चौतीस वर्षांत माझ्या वर्गाला एकदाही वाईट शेरा मिळाला नव्हता, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता!

तर मी कामाला लागले. अंगण झाडून घेतलं. मुलांकडून स्वागतगीत बसवून घेतलं. आणि सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं, “मॅडमनी ‘कसं वाटतं इथं?’ असं विचारलं की सगळ्यांनी एकदम म्हणायचं, ‘बरं वाटतं, मॅडम!’ म्हणा बघू.”

“बरं वाटतं, मॅडम!”

“बाई,” संकेतनं हात वर केला, “माजं पोट दुखतंय. मला न्हाई बरं वाटत.”

“उद्यापुरतं म्हण रे.”

“मग उद्यापुरतं दुखायचं थांबंल का?”

पोरं खिदळली. मीही हसले. पायल भिंतीशी, गाईच्या चित्राखाली बसून होती. ती हसली नाही, पण ती कधीच हसत नव्हती, त्यामुळे माझ्या काही लक्षात आलं नाही.

त्या दिवशी दुपारी चारला मुलं गेली. सिस्टर बाजाराला गेल्या, तांबोळी सर फाइल घेऊन झेरॉक्सला. मी खोली आवरायला मागे राहिले. आवरता आवरता पडद्यामागे गेले आणि तांबडं गाडगं सहज उचलून पाहिलं. जड होतं. पांढरं उचललं, तर हलकं.  आठ महिने! आठ महिने आम्ही तिघं राबलो, आणि माप हे असं?

मग मी काय केलं ते ऐका. मी दोन्ही हातांची ओंजळ तांबड्या गाडग्यात घातली, भरून चिंचोके काढले आणि पांढऱ्यात ओतले. एकदा. दोनदा. तीनदा.  खरं सांगते, त्या वेळी मला यात काही वाईट वाटलंच नाही. कच्च्या मुलांना पाणी आणायला पाठवावं तसंच ते होतं.

दार लोटून बाहेर आले तर बाळू अंगणातून पायलला घेऊन निघाले होते. अंगात अजून बँडचा लाल कोट होता.

“आज लग्नात वाजवायची सुपारी हुती बाई, वाईच उशीर झाला,” ते म्हणाले. “लेकरू बसलं हुतं न्हवं नीट?”

“हो हो, बसली होती,” मी म्हणाले. ती कुठं बसली होती ते मी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता हिरेमठ मॅडमची गाडी आली. पन्नाशीच्या, उंच, केस घट्ट बांधलेले, हातात जाड वही. मागोमाग सर्जेराव आप्पाही आले आणि ‘मी आपला सहज’ म्हणत दारात टेकले. मुलांनी स्वागतगीत म्हटलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मी ज्याची वाट बघत होते तेच विचारलं.

“कसं वाटतं रे इथं?”

“बरं वाटतं, मॅडम!” दहा आवाज एका सुरात.

मी ऐटीत मॅडमकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी आली होती.

“छान,” त्या म्हणाल्या. “आतापर्यंत आठ ठिकाणी ऐकलंय हे. अगदी याच चालीवर.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. “बाई, पुरे झालं ते गाणं. रोज सकाळी काय करता ते करा. मी बघते.”

“बघायचं न्हाई, मॅडम,” संकेत म्हणाला. “पाठ करायची. नियम हाय.”

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण मॅडम खरंच वळल्या आणि गाईच्या चित्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आम्हीही वळलो. एकेक मूल ताटलीशी जायचं, मग पडद्यामागे. टप्. थोड्या वेळानं पुन्हा टप्. मी मनात मोजत होते. आठ. नऊ. दहा.

अकरावा आवाज आलाच नाही.

मी मागे वळून पाहिलं. ताटलीत एक चिंचोका पडून होता. पायल भिंतीशी बसली होती, गुडघे जवळ घेऊन.

“पायल,” मी हळूच म्हणाले, “बाळा, तुझा राहिला की.”

तिनं मान वर केली. पण माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या हातांकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग तिची नजर पडद्याकडे गेली, आणि परत माझ्या हातांवर आली.

पडद्याशेजारी एक खिडकी आहे, अंगणात उघडणारी. खिडकीखाली बाहेरच्या बाजूला कट्टा आहे. बाळूंना उशीर झाला की पायल कुठं बसत असेल ते मला त्या क्षणी समजलं. आठ महिने रोज मी तिच्यासाठी ताटली मांडत होते, आणि ती कुठं बसते ते मला माहीत नव्हतं!

“आणा ती गाडगी बाहेर,” मॅडम म्हणाल्या.

सिस्टरांनी तिन्ही गाडगी आणून जमिनीवर ठेवली. पांढरं उचलताना त्या अडखळल्या. दर महिन्याला त्याच उचलायच्या, वजन त्यांच्या हाताला ठाऊक होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

पांढरं गाडगं गळ्यापर्यंत भरलेलं होतं. मॅडम खाली वाकल्या, आत पाहिलं, बाकीच्या दोहोंतही पाहिलं. कपाळावरची आठी थोडी सैल झाली.

“साठ टक्क्यांच्या वर दिसतंय की.”

तांबोळी सरांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. बस्स, एक ओळ. एक ओळ लिहिली की खोली आमची, मुलं आमची, आणखी एक वर्ष. आणि पायल माझ्या हातांकडे बघत होती.

तिला आठ महिन्यांत एकच गोष्ट बोलता येत होती. रोज एकदा, पडद्यामागे. आणि ती मी ओंजळीनं उचलून दुसरीकडे टाकली होती.

“मॅडम, लिहू नका,” मी म्हणाले.

त्यांनी वर पाहिलं. पण मी त्यांच्याशी बोलत नव्हते. मी गुडघे टेकून खाली बसले, मुलांच्या उंचीला, आणि पायलकडे तोंड केलं.

“मुलांनो, काल दुपारी मी या तांबड्या गाडग्यातले चिंचोके पांढऱ्यात टाकले. तीन ओंजळी. तुम्ही टाकलेले, तुमचे. तुम्हाला विचारायला हवं, असंसुद्धा मला वाटलं नाही.”



“बाई,” संकेतनं डोळे मोठे केले, “म्हंजे तुमी चोरी केली?”

“हो.”

“आन् आमाला पेन्सिल घेतली तरी कान धरून उभं करता!”

मी दोन्ही कान धरले. मग पांढऱ्या गाडग्यात हात घातला आणि ओंजळ भरून तांबड्यात ओतली. एकदा. दोनदा. तीनदा. कुठला चिंचोका कुणाचा ते आता कुणालाच कळणार नव्हतं, पण ओंजळ माझीच होती, माप तेच होतं.

“बाई, काय केलंत हे,” तांबोळी सर हळू आवाजात म्हणाले. बिचाऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“मग काय,” दारातून सर्जेराव आप्पांचा आवाज आला, “आणू का दूध मोजायचा काटा?”

“आप्पा,” सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही पाठ करा.”

आणि काय सांगू, आप्पांनी केली!

हिरेमठ मॅडम मात्र हसल्या नाहीत. “शिंगटे बाई, शासनाला दाखवायचं मोजमाप तुम्ही बदललंत. याचा अर्थ कळतो तुम्हाला? मला हे लिहावं लागेल.”

“लिहा. माझं नाव लिहा. या दोघांना काही ठाऊक नव्हतं.”

“आणि आता खरं माप काय? निम्म्याच्या वर तांबडंच. आठ महिन्यांनी. म्हणजे सुधारणा नाही.”

मी मान खाली घातली.  उत्तर सिस्टरांकडे होतं. त्या उठल्या, कपाटातून त्यांची निळी वही काढली आणि मॅडमपुढे धरली.

“पहिला महिना बघा, मॅडम.”

मॅडमनी पान उघडलं. “तांबड्यात शून्य?”

“एकही नाही. सगळे पांढऱ्यात. रोज.”

“म्हणजे पहिल्या महिन्यात मुलं बरी होती?”

“पहिल्या महिन्यात मुलं झोपेत ओरडत होती, मॅडम. चार जणांनी पाण्याला हात लावणं सोडलं होतं, अंघोळसुद्धा नाही. आणि चिंचोका पांढऱ्यात.” सिस्टर पान उलटत गेल्या. “मोठ्यांना काय आवडतं ते पोरांना बरोबर कळतं. दुसऱ्या महिन्यात तांबड्यात तीन पडले. तिसऱ्यात चाळीस. हे बघा, वाढतच गेलंय. आज वाईट वाटतंय हे सांगायला या पोरांना आठ महिने लागले. झोपेत ओरडायचे ते आता गाडग्यात टाकतात आणि रात्री झोपतात. ही सुधारणा आहे का नाही ते तुम्ही ठरवा. मला तुमचं साठ टक्क्यांचं गणित येत नाही.”

मी वळून सिस्टरांकडे बघतच राहिले. ही वही आठ महिने कपाटात होती. मी कधी उघडून पाहिली नव्हती. मला वाटायचं तांबडं म्हणजे नापास.

मॅडमनी वही दोन्ही हातांत धरून पहिल्यापासून वाचायला घेतली. बराच वेळ वाचत होत्या. मग त्यांनी भिंतीशी बसलेल्या पायलकडे पाहिलं.

“ही मुलगी कुठून येते?”

“कालव्यापलीकडून,” तांबोळी सर म्हणाले. “चालत. तीन किलोमीटर.”

“रोज?”

“रोज.”

 मॅडमनी आपल्या वहीतलं सकाळचं पान आडव्या रेघेनं खोडलं आणि नवं पान काढलं.

तुमचा जीव टांगणीला लागला असेल, म्हणून त्या पानाचं काय झालं ते आधीच सांगून टाकते. अहवालात माझ्या कारभाराबद्दल अर्धं पान होतं. त्याखाली सिस्टरांच्या वहीतले आठही महिने, ओळीनं. शेवटी लिहिलं होतं की या पथकाचं काम अपेक्षित मापात बसत नाही, तेव्हा माप पुन्हा तपासावं, पथक बंद करू नये. अनुदान चालू राहिलं, पुढे पाच वर्षं. इतर तालुक्यांतही गाडगी गेली, तीन-तीन. मला लेखी समज मिळाली आणि गाडग्यांना हात लावायची कायमची मनाई झाली. चौतीस वर्षांत मिळालेले चांगले शेरे कुठल्या ट्रंकेत आहेत, मला आठवत नाही. ती समज मात्र मी अजून जपून ठेवली आहे. कुणी आलं की दाखवते. पायल आता बावीस वर्षांची आहे. ती काय करते ते तिचं तिला सांगू दे, तसाच नियम आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी मॅडम लिहीत होत्या, मी अजून जमिनीवरच बसले होते आणि पुढे काय होणार ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यात पायल उठली.

आधी ती गाडग्यांपाशी आली. पांढरं उचललं, दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, आणि पडद्यामागे नेऊन ठेवलं. मग मधलं नेलं. मग तांबडं. ते सगळ्यांत जड झालं होतं. संकेत मदतीला पुढे झाला तर तिनं मान हलवून त्याला थांबवलं आणि एकटीनंच नेलं. पडदा नीट ओढून घेतला. मग ताटलीपाशी गेली आणि अकरावा चिंचोका उचलला.

मला वाटलं, चला, आता टाकेल. आम्ही सगळे सवयीनं पाठ करायला वळू लागलो. पण ती पडद्याकडे गेलीच नाही. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझा उजवा हात तिनं धरला. मूठ मी घट्ट आवळली होती, मला ते कळलंही नव्हतं. तिनं एकेक बोट उघडलं आणि तळहातावर चिंचोका ठेवला.

आमच्या ताटलीत मोठ्यांसाठी चिंचोका नसायचा. आठ महिन्यांत आम्हा तिघांपैकी कुणी टाकला नव्हता, आणि कुणी आम्हाला विचारलंही नव्हतं. हा तिचा होता.

तिनं बोटानं पडद्याकडे दाखवलं. मी उठले. गुडघे कुरकुरले. दोन पावलं गेले आणि मागे वळून पाहिलं.

पायलनं दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट धरले होते आणि ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली होती.